मोडलेला संसार आणि वकिलाचा धर्म
(समाजाच्या बोदवड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज ज्या गुणवंतांचा सत्कार व्हावयाचा आहे त्यांच्या यादीत एक नाव असे आहे की त्यावरून बैठकीत थोडी कुजबुज झाली. आपल्या समाजातील एका कन्येने कायद्याची पदवी संपादन करून वकिली आरंभिली आहे, आणि घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा या कौटुंबिक दाव्यांचे काम तिने आपले कार्यक्षेत्र म्हणून निवडले आहे. डॉक्टर झालेल्या मुलाच्या नावावर कोणी बोलले नाही, बँकेत लागलेल्या मुलीच्या नावावरही नाही. हिचे नाव येताच मात्र एक वयोवृद्ध सदस्य म्हणाले, "लोकांची घरे मोडण्याचा धंदा! त्याचा सत्कार कसला करावयाचा?"

मला त्यांचा राग आला नाही. वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली आहे. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कायद्याचा पंडित नव्हे. परंतु या विषयाने मला एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, आणि तेथे जे शिकलो ते शाळेत छत्तीस वर्षे शिकवूनही मला ठाऊक झाले नव्हते. ते सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगतो.

हाडवैद्याच्या ओट्यावर लंगडणारी माणसे बसलेली दिसतात, म्हणून हाडवैद्य लोकांचे पाय मोडतो असे आपण म्हणत नाही. कौटुंबिक वकिलाच्या दाराशी मोडलेले संसार येतात. ते त्याने मोडलेले नसतात. ते माजघरात, शेतात, देण्याघेण्याच्या बोलाचालीत आणि कित्येकदा लग्नाच्या मांडवातच मोडलेले असतात. आपण मात्र वकिलाच्या पायरीवर माणूस दिसेपर्यंत तिकडे पाहत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला तोंड फुटले ते १८८४ साली. मुंबईच्या रखमाबाई या सुतार जातीतील कन्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचन करीत मोठ्या झाल्या. पतीने १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला की, माझी पत्नी माझ्या स्वाधीन करावी. रखमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ज्या वयात संमती देण्याची मला समजच नव्हती त्या वयातील लग्नाने मला बांधू नका. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग हे आपले विद्वान महाराष्ट्रीय होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पतीने अपील केले, खटला पुन्हा सुनावणीस आला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. त्या बाईंनी उत्तर दिले की, मी तुरुंगात जाईन.

साऱ्या देशात गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत दोन तट पडले. अखेर १८८८ मध्ये पतीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे सेवा केली. १८८५ साली निकाल बाजूने, १८८७ साली विरुद्ध. बाई तीच, लग्न तेच. फरक पडला तो कायद्याच्या वाचनाचा. कायद्याचे वाचन ज्याला येते असा माणूस शेजारी उभा असणे म्हणजे काय, हे या एका खटल्यावरून ध्यानी यावे. आणखी एक योग असा की, रखमाबाई १९५५ साली निवर्तल्या आणि त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा संमत होऊन सर्व हिंदूंना न्यायालयातून घटस्फोट मागण्याची वाट खुली झाली.

ही वाट एका दिवसात झाली नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ हा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसून सयाजीराव महाराज झाला. त्यांच्या बडोदे संस्थानात १९३१ सालीच हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात १९४६ साली द्विभार्या-प्रतिबंधाचा आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा आला. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहितेचे विधेयक मांडले. ते रखडले, आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला त्यामागे हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ व १९५६ या दोन वर्षांत त्या विधेयकाचे भाग वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले. १९७६ साली उभयतांच्या संमतीने घटस्फोट घेण्याचे कलम त्यात घातले गेले, म्हणजे एकमेकांवर चिखलफेक न करता विभक्त होण्याची सोय झाली.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, हे वरच्या लोकांचे झाले. आपल्याकडे काडीमोड पूर्वीपासून आहे. पंच बसतात, फारकत होते, बाईचा पाट लागतो. आपल्याला वकिलाची गरज काय?" हेच उत्तर मी स्वतःही देत होतो, आणि येथूनच माझ्या अपराधाची कथा सुरू होते.

१९९५ सालची गोष्ट. माझ्या वर्गात शिकलेल्या एका मुलीचा संसार तीन वर्षांत मोडला. नवरा दारूच्या आहारी गेला होता, मारहाण होती. दोन्हीकडची माणसे गावात जमली. पाच पंच बसले. माझे अक्षर वळणदार, म्हणून कागद लिहावयास मला बोलावले. वीस रुपयांच्या मुद्रांकावर मी फारकतीचा लेख लिहिला. "आजपासून उभयतांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही, दोघांनीही पुन्हा लग्न करण्यास हरकत नाही." खाली दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, आणि लेखक म्हणून माझी सही. मुलीचा बाप माझ्या पाया पडू लागला. मीही घरी येऊन समाधानाने जेवलो. एका लेकराची सुटका माझ्या हातून झाली असे मला वाटले.

तीन वर्षांनी जामनेरकडच्या एका बिजवराशी तिचे लग्न झाले. माणूस सज्जन होता. पोटी मूलबाळ झाले नाही, परंतु दोघे सुखाने राहिली. २०११ साली तो हृदयविकाराने गेला. त्याच्या वाट्याची तीन एकर कोरडवाहू जमीन आणि दोन खणांचे घर होते. तेराव्यानंतर दिरांनी सांगितले की, तू आमच्या भावाची बायकोच नव्हेस. तुझा पहिला नवरा हयात आहे आणि त्याच्याशी तुझा घटस्फोट कोणत्याही कोर्टाने दिलेला नाही.

ती तो मुद्रांकाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच लिहून दिला होता ना?"

मी तिला घेऊन एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारले, "लिहिणारे तुम्हीच का?" मी होय म्हणालो. त्यांनी मला बोल लावला नाही. कायदा समजावून सांगितला. तो आपणा सर्वांस ठाऊक असावा म्हणून सांगतो. हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, हे खरे. परंतु ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार, अखंड आणि निश्चित स्वरूपात चालत आली आहे, हे जो सांगतो त्याने पुराव्याने शाबीत करावे लागते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे स्पष्ट केले आहे. आणि नुसते पंच म्हणाले एवढ्याने लग्न सुटत नाही, ही गोष्ट तर मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८७६ सालीच सांगून ठेवली होती. म्हणजे मी १९९५ मध्ये ज्या समाधानाने कागद लिहिला, त्या समाधानाला जवळजवळ एकशेवीस वर्षांपूर्वीच आधार उरला नव्हता. मला ते माहीत नव्हते. माहीत नसताना मी सही केली, हा माझा अपराध.

पुढची दोन वर्षे त्या वकीलबाईंचे काम मी जवळून पाहिले. कोर्टात त्या बोलल्या असतील तासाभराच्या आतबाहेर. बाकीचे सारे काम कोर्टाबाहेरचे होते. लग्नाची पत्रिका, शिधापत्रिका, मतदारयादी, दवाखान्याची कागदपत्रे, ज्यांत ज्यांत ती "अमक्याची पत्नी" म्हणून नोंदली होती ते सर्व त्यांनी गोळा केले. मग रूढीचा शोध सुरू झाला. समाजात यापूर्वी अशा फारकती झाल्या, त्या मान्य झाल्या आणि नंतरची लग्ने सर्वांनी स्वीकारली, हे दाखवावयाचे होते. आम्ही गावोगाव हिंडलो. लोकांच्या ट्रंकांतून, देव्हाऱ्यामागून कागद निघाले. एकूण सहा. त्यांतील दोन वाळवीने खाल्लेले. पंचांपैकी दोघे वारले होते, एक बाहेरगावी राहावयास गेले होते, आणि उरलेल्या दोघांनी "आम्हाला कोर्टाच्या भानगडीत ओढू नका" म्हणून हात जोडले. निवाडा देताना हे पाचही पंच आपापल्या पागोट्यासह बसले होते. त्या निवाड्याची जबाबदारी घेण्याची वेळ आली तेव्हा उरला एकटा लेखक.

मी साक्षीस उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी विचारले, "गुरुजी, अशा किती फारकती आपण पाहिल्या?" मी म्हणालो, आठदहा. "त्यांची काही नोंदवही?" नाही. "पंचांची नेमणूक कोण करतो?" जे येतील ते. "बाई हजर नसताही निवाडा होतो काय?" मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, होय, कधी कधी होतो. मी खरे बोललो, आणि माझ्या प्रत्येक खऱ्या उत्तराबरोबर त्या पोरीची बाजू दुबळी होत गेली. पिंजऱ्यातून खाली उतरताना माझे पाय कापत होते.

त्या संध्याकाळी वकीलबाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितले, "पुरावा पुरेसा नाही. दावा लढवला तर मला फी मिळेल, तुला काय मिळेल ते मी सांगू शकत नाही. दीर घर आणि काही रक्कम द्यावयास तयार होत असतील तर घे." तडजोड झाली. घर तिला राहिले, थोडी रक्कम मिळाली, तीन एकर जमीन गेली. ती आज शिवणकाम करून त्याच घरात राहते. मला भेटली की अजून वाकून नमस्कार करते. तो नमस्कार घेताना मला काय वाटते ते मी येथे सांगत नाही.

बंधूंनो, ज्या धंद्याला आपण घरे मोडण्याचा धंदा म्हणतो, त्या धंद्यातील बाईंनी तिचे उरलेसुरले घर वाचविले. आणि मोडले कोणी, याचा विचार केला तर त्यात माझ्या वळणदार अक्षराचाही वाटा आहे.

याचा अर्थ सर्व वकील साधू असतात असा नव्हे. तारखांवर तारखा घेऊन अशिलाला झिजविणारे आहेत. साध्या भांडणाला हुंड्याच्या खोट्या आरोपांचे तिखटमीठ लावणारे आहेत, आणि नवऱ्याची मिळकत लपविण्यास मदत करणारेही आहेत. कायद्याने यावर काही उपाय योजले आहेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचेच कर्तव्य ठरविले. समुपदेशक नेमण्याची सोय केली. आणि अशा न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपसूक हक्क राहणार नाही असेही त्यात म्हटले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावीत असा दंडक घालून दिला. तथापि कायदा कितीही चांगला केला तरी तो चालविणाऱ्या माणसाच्या सचोटीवरच अवलंबून राहतो. चांगला कौटुंबिक वकील अशिलाचे गुपित राखतो, मुलांना आईबापांच्या भांडणातले हत्यार होऊ देत नाही, आणि कोठे थांबावयाचे ते अशिलाला सांगतो. शेवटचे काम सर्वांत कठीण, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या फीचे नुकसान असते.

या क्षेत्रात स्त्रियांनी मिळविलेले स्थानही पाहण्यासारखे आहे. कॉर्नेलिया सोराबजी या १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या. त्यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्री म्हणून वकिलीची सनद मिळावयास १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला. तोवर त्यांनी बंगाल प्रांतात सरकारी नेमणुकीवर पडद्यातील विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळण्याचे काम केले. पुरुष वकिलाला जेथे प्रवेश नव्हता तेथे त्या जाऊन बसत. १९२३ साली कायदा होऊन स्त्रियांना वकिली खुली झाली, आणि मिठन टाटा, पुढे मिठन लाम, या मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. अलीकडच्या काळात मुंबईच्या फ्लेव्हिया ॲग्नेस यांचे उदाहरण आहे. स्वतःच्या संसारात मारहाण सोसलेली ही गृहिणी. मुले झाल्यावर तिने पुन्हा शिक्षण सुरू केले, १९८८ च्या सुमारास वकिलीस आरंभ केला आणि "मजलिस" या संस्थेच्या द्वारे असंख्य निराधार स्त्रियांची बाजू न्यायालयात मांडण्याची व्यवस्था उभी केली. कुटुंबविषयक कायद्यावर त्यांनी लिहिलेले ग्रंथ आज कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. जिच्या अंगावर वळ उठले तिनेच पुढे त्या वळांवरचा कायदा इतरांना शिकवावा, याहून मोठे शिक्षण ते कोणते?

आणि दूर कशाला जावयाचे? आपल्या बोदवड तालुक्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी मुंबईस कायद्याचे शिक्षण घेऊन जळगावच्या न्यायालयात वकिली केली, १९६२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या आणि २००७ साली राष्ट्रपती झाल्या. नाडगावच्या मुलीने काळा कोट घातला त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. मग आज आपल्याच समाजाच्या मुलीने तो घातला तर संकोच का वाटावा?

आता समाजापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली अशी की, पंचांनी समेट जरूर करावा. भांडणाचे मूळ शेजाऱ्याला जेवढे कळते तेवढे न्यायाधीशाला कळत नाही. परंतु विभक्त होणेच ठरले तर कागदावर न थांबता दोघांना न्यायालयात पाठवावे. संमतीच्या घटस्फोटाला साधारणपणे अर्ज दिल्यापासून सहा महिने थांबावे लागते. योग्य कारण असल्यास न्यायालय ती मुदत माफही करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे. सहा महिन्यांचा कंटाळा केल्याने काय होते ते मी सांगितलेच आहे. आणि न्यायालयाचा हुकूम हाती येऊन अपिलाची मुदत टळल्याखेरीज दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडू नये.

दुसरी सूचना लग्नाच्या नोंदणीची. तीही लग्नाबरोबरच करून घ्यावी. मुलीला आणि मुलाला आलेल्या भेटवस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. हुंडाप्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनी ही यादी सांगितलीच आहे. आपण आहेराची वही काटेकोर ठेवतो, कोणी एकावन्न दिले आणि कोणी एकशे एक, हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो. मुलीच्या स्त्रीधनाची यादी करताना मात्र आपला हात आखडतो.

तिसरी सूचना गरीब भगिनींसाठी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने राहत्या घरातून हुसकून न लावले जाण्याचे संरक्षणही मागता येते. माहेरच्या ओट्यावर वर्षानुवर्षे बसून राहण्यापूर्वी ही चौकशी करावी.

चौथी सूचना मंडळाला आहे. आपल्या वधूवर सूचीत "घटस्फोटित" या शब्दापुढे आपण पान उलटतो. ज्याने वा जिने न्यायालयातून सरळ मार्गाने सुटका करून घेतली, त्याने काही लपविलेले नाही. ज्याने लपविले आहे तो "अविवाहित" या रकान्यात बसलेला असू शकतो. एवढे ध्यानात ठेवून ती पाने वाचावीत.

शेवटी, जिचा सत्कार होणार आहे त्या कन्येस उद्देशून दोन शब्द. मुली, तुझ्या दाराशी येणारे माणूस आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी येईल. ते रडेल, खोटेही बोलेल, आणि काम झाल्यावर रस्त्यात ओळख दाखविणार नाही, कारण तुझा चेहरा पाहिला की त्याला तो दिवस आठवेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. जे घर सांधता येईल ते सांध, त्यात तुझी फी बुडाली तरी. जे सांधता येणार नाही, तेथे दोघांनाही माणूस म्हणून बाहेर पडू दे. आणि तुझ्याकडे कोणी एखादा वळणदार अक्षरातला मुद्रांकाचा कागद घेऊन आले, तर लिहिणाऱ्याला बोलावून घे आणि त्याला कायदा समजावून सांग. माझ्या वकीलबाईंनी मला सांगितला तसा, आवाज न चढवता. त्यानंतर मी एकही फारकत लिहिली नाही. लोक आले, त्यांना घेऊन मी वकिलाकडे गेलो.

आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांना माझी विनंती आहे की, या मुलीच्या हाती श्रीफळ त्यांनीच द्यावे.